शेजारी बंब पेटतो आणि आपली छाती भरते: दमा असणाऱ्यांनी काय करावं, कोणत्या क्रमाने

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या जुन्या आळ्यांत आणि गावठाणांत थंडी सुरू झाली की पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटतात. कुठे परसात चूल असते, कुठे गेटवर वॉचमनची शेकोटी, कुठे झाडलेल्या पालापाचोळ्याचा ढीग. घरात दम्याचा माणूस असेल तर पुढचे चार महिने कठीण जातात.

उपाय बहुतेकांना ऐकून माहीत असतात, पण ते उलट्या क्रमाने केले जातात. आधी शेजाऱ्याशी भांडण, मग महागडा एअर प्युरिफायर, मग ओल्या चादरी आणि तुळशीच्या कुंड्या. डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप (इनहेलर) मात्र "सवय लागेल" म्हणून कपाटातच राहतो. पुढचे टप्पे याच क्रमाने करा: आधी औषध, मग घरातली एक खोली, मग शेजारी, आणि सगळ्यात शेवटी तक्रार.

## तयारी: आधी जमवायच्या वस्तू

- रोजचा पंप आणि तातडीचा पंप. दोन्हींवरची मुदत वाचा.
- स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. लहान मुलांसाठी मास्क जोडलेला.
- पीक फ्लो मीटर. श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजणारं साधं प्लास्टिकचं नळीसारखं यंत्र, औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतं.
- एन-९५ मास्क.
- खिडकीच्या फटींना चिकटवायची फोमची पट्टी आणि दाराच्या खालची रबरी पट्टी.
- एक वही.

प्युरिफायर या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो चौथ्या टप्प्यात येतो.

## १. औषध बरोबर चाललंय का, ते पाहा

लाकडाच्या धुरात पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण असतात. ते नाकात अडकत नाहीत, फुफ्फुसात खोल जातात. दम्यात श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. सूज जितकी जास्त, तितक्या थोड्या धुराने त्या आवळतात. म्हणून रोजच्या पंपाने सूज खाली ठेवणं हाच धुराविरुद्धचा पहिला बंदोबस्त.

दोन प्रकारची औषधं नीट ओळखा. रोजच्या पंपात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांसारखं स्टेरॉइड असतं. ते सूज उतरवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. आज धूर आला म्हणून आज सुरू करून भागत नाही. तातडीच्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत मोकळ्या करतं, सुजेला मात्र हात लावत नाही. दम्यासाठीच्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीनांनी केवळ साल्ब्युटामॉलवर राहू नये, सोबत स्टेरॉइड हवंच. काहींना स्टेरॉइड आणि नळ्या मोकळ्या करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी दिला जातो. आपल्याला कोणता दिलाय, ते डॉक्टरांना विचारून पंपावरच चिठ्ठी चिकटवा.

"पंपाची सवय लागते" ही समजूत फार नुकसान करते. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि बरीचशी थेट श्वासनलिकेत जाते. पंप टाळून दर थंडीत स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागला, तर शरीरात त्याहून कितीतरी जास्त स्टेरॉइड जातं.

आता पंप घेण्याची पद्धत. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील असं मला वाटतं.

डब्याचा पंप, स्पेसरसह: पंप हलवा. श्वास बाहेर सोडा. स्पेसरचं तोंड ओठांनी घट्ट धरा, एकच पफ सोडा, सावकाश खोल श्वास घ्या आणि १० सेकंद रोखा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा. एकदम दोन पफ स्पेसरमध्ये सोडू नका.

कॅप्सूलचा पंप: इथे उलट, श्वास जोरात आणि खोल ओढायचा. यंत्रात फुंकायचं नाही, आतली पावडर दमट होते. ही कॅप्सूल गिळायची नसते. घरातल्या आजी-आजोबांना हे एकदा समोर बसवून दाखवा.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

> तपासा: तातडीचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागतोय का? खोकल्याने किंवा दम लागून रात्री जाग येते का? एकाचंही उत्तर हो असेल तर दमा आटोक्यात नाही. पुढचे टप्पे सुरू ठेवा, पण डॉक्टरांची वेळ आजच घ्या.

> तपासा: साल्ब्युटामॉलच्या एका डब्यात बहुधा २०० पफ असतात. वर्षात तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे. डबा पाण्यात तरंगवून औषध किती उरलंय ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या किंवा पफ मोजून लिहा.

## २. अटॅकचा कागद भिंतीवर लावा

पहाटे साडेपाचला दम लागला की घरातले सगळे गडबडतात. तेव्हा विचार करावा लागू नये म्हणून डॉक्टरांकडून एका कागदावर सूचना लिहून घ्या आणि तो फ्रिजवर किंवा देवघराशेजारी लावा. कागदावर तीन भाग असतात.

- हिरवा: पीक फ्लो आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० ते १०० टक्के. नेहमीचं औषध.
- पिवळा: ५० ते ८० टक्के, किंवा खोकला, घरघर, छातीवर दडपण. कोणतं औषध किती वाढवायचं, ते डॉक्टर लिहून देतील.
- लाल: ५० टक्क्यांखाली. तातडीचं औषध आणि लगेच दवाखाना.

सर्वोत्तम आकडा असा काढा: तब्येत बरी असताना दोन आठवडे रोज उभं राहून, काटा शून्यावर आणून, पूर्ण श्वास भरून एका झटक्यात फुंका. दर वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहा. दोन आठवड्यांतला सर्वात मोठा तो तुमचा. धुराच्या दिवसांत हा आकडा काढू नका, तो कमीच येईल आणि पुढचा सगळा हिशोब चुकेल.

साल्ब्युटामॉलच्या पंपासाठी प्रथमोपचाराची एक रुळलेली पद्धत आहे. रुग्णाला बसवा, आडवं करू नका. स्पेसरमधून एक पफ आणि चार श्वास, असे एकेक करून चार पफ द्या. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार पफ. तरीही फरक नसेल तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. फॉर्मोटेरॉलचा पंप असेल तर मात्रेचा नियम वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

> इशारा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर झालेत, गुंगी येतेय, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, किंवा ऑक्सिमीटर ९२ किंवा त्याखाली दाखवतोय: यातलं एकही दिसलं तर वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. घरघर अचानक थांबली पण माणूस थकून गेलाय, हे सुधारल्याचं लक्षण नाही. हवा आत जाणंच कमी झालेलं असू शकतं. आणि ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय म्हणून अटॅक नाही असंही समजू नका. ऑक्सिजन उशिरा उतरतो.

गरम पाण्याची वाफ दम्याच्या अटॅकवर औषध नाही. वाफ घेण्यात गेलेली वीस मिनिटं पंपाची असतात, आणि भाजण्याचा धोका वेगळाच.

## ३. वही: धूर कधी, कुठून

दोन आठवडे रोज पाच रकाने भरा: तारीख आणि वेळ, धूर कुठून (बंब, शेकोटी, कचरा), किती वेळ, पीक फ्लो, तातडीचे पफ. धूर नसलेल्या दिवसांचीही नोंद हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

या वहीतून बऱ्याचदा अनपेक्षित गोष्ट निघते. आपण ज्या घराला दोष देतो त्यांचा बंब सहाला विझलेला असतो आणि खरा त्रास आठला जाळलेल्या पाल्याचा असतो. कधी कारण घरातच सापडतं: सकाळच्या पूजेची धूप-अगरबत्ती, रात्रीची डासांची कॉइल, फोडणीचा धूर. हे आधी बंद करा. अगरबत्तीच्या जागी निरंजन चालेल, कॉइलच्या जागी मच्छरदाणी.

त्रास धुरासोबतच सुरू होतो असंही नाही. सकाळच्या धुराचा खोकला दुपारी किंवा रात्री उसळू शकतो. म्हणून संध्याकाळचा पीक फ्लोही लिहा.

मोबाइलवरचा शहराचा हवा निर्देशांक इथे फारसा उपयोगी नाही. ते केंद्र काही किलोमीटरवर असू शकतं, तुमच्या खिडकीखालचा बंब त्याला दिसत नाही. घरी ठेवायचा छोटा पीएम २.५ मीटर घेतलात तर त्यातली चढ-उतार पाहा, नेमक्या आकड्यावर अडून बसू नका. धुक्यात आणि दमट हवेत हे मीटर जास्त दाखवतात. अंदाजासाठी, भारताचं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५.

## ४. एक खोली धुरापासून राखा

सगळं घर बंद करायला जाल तर काहीच नीट बंद होणार नाही. दम्याचा माणूस झोपतो ती एकच खोली निवडा. शक्यतो धुराच्या विरुद्ध बाजूची, कमी खिडक्यांची. कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर सरळ खाली उतरतो आणि त्या बुजवणं अशक्य असतं. तिथे स्लॅबची किंवा वर माळा असलेली खोली घ्या.

फटी शोधा. धूर नसताना सगळी दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि खोलीचं दार उघडं ठेवा. टिश्यूची पातळ पट्टी खिडकीच्या कडांशी, एसीच्या पाइपच्या भोकाशी, काचेच्या झडपांशी धरा. पट्टी आत झुकली की तिथे फट आहे. यासाठी अगरबत्ती वापरू नका.

या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसते. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो आणि तितकीच हवा फटींतून आत ओढतो. शेजारी धूर असताना एक्झॉस्ट लावणं म्हणजे धूर घरात बोलावणं. बाथरूमचाही तेव्हा बंद ठेवा.

फटी बुजवा. सरकत्या खिडक्यांना फोम, दाराखाली रबरी पट्टी, पाइपच्या भोकाला सिलिकॉन किंवा पुट्टी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. विंडो एसीला हवा बदलायची झडप असते, ती बंद करा. कूलर मात्र बाहेरचीच हवा ओढतो, धुरात तो लावू नका.

> इशारा: बंद केलेल्या खोलीत किंवा तिला लागून गॅस गीझर, शेगडी, कोळसा काहीही पेटतं ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो मास्कमधून आणि फिल्टरमधून आरपार जातो आणि जीव घेतो.

आता प्युरिफायर. खोली नीट बंद झाल्यावरच त्याचा उपयोग. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर १७० घनमीटर क्षमता लागते. खोक्यावरचा 'सीएडीआर' आकडा (यंत्र तासाला किती हवा गाळतं) पाहा, पण तो पंख्याच्या सर्वांत मोठ्या वेगाचा असतो. रात्री आवाजामुळे आपण वेग कमी करतो. म्हणून २५० ते ३०० चा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. बारीक कण अडवणारा 'हेपा' फिल्टर हवा. आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर ते बंदच राहू द्या, ओझोनने दमा भडकतो. प्युरिफायर कण गाळतो. वास थोडा उरला तर यंत्र बिघडलंय असं नाही, आणि वास गेला म्हणजे कण गेले असंही नाही.

ओली चादर खिडकीला लावल्याने धूळ अडते, धुराचे बारीक कण नाहीत. घरातल्या कुंड्यांनीही ते जात नाहीत.

## ५. दिवसाची वेळ बदला

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. धूर वर न जाता खालीच साचतो. ऊन तापलं की हवा ढवळली जाते. म्हणून "सकाळची ताजी हवा" ही सवय थंडीत सोडावी लागते.

- खिडक्या साधारण ११ ते ४ उघडा, पहाटे नाही. खोली दिवसातून एकदा नक्की मोकळी करा.
- फिरणं, व्यायाम, मुलांचं खेळणं दुपारनंतर.
- अंथरूण-पांघरूण पहाटे बाहेर वाळत घालू नका, धूर बसलेली चादर रात्री नाकाशी येते.
- धुरातून जावंच लागलं तर एन-९५, कडा चेहऱ्याला चिकटलेल्या. दाढी असेल तर कडेने गळतो. रुमाल, ओढणी, कापडी मास्क या कणांना अडवत नाहीत. मास्कमध्ये दम लागला तर आधी धुरातून बाहेर पडा, मग काढा.

## ६. शेजाऱ्याशी बोला, पण धूर चालू असताना नाही

डोळे चुरचुरत असताना दारात उभं राहिलात की भांडणच होणार. संध्याकाळी जा. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका, त्यानंतर बोलणं खुंटतं.

आधी ते लाकूड का जाळतात, ते समजून घ्या. सात-आठ माणसांच्या घरात सिलिंडर किती दिवस पुरणार? शेतातलं सरपण फुकट असतं. असं काहीतरी बोला:

"काकू, आमच्या छोटीला दमा आहे, पहाटे तिला पंप द्यावा लागतो. बंब बंद करा असं म्हणत नाही मी. धूर कमी होईल असं काही आपण मिळून करू या का? खर्च आला तर निम्मा आम्ही देतो."

मग सोप्यापासून अवघडाकडे जा:

1. प्लास्टिक, टायर, रंगवलेलं लाकूड, प्लायवुड बंद. पेटवायला पिशवी वापरायची सवय फार घरांत आहे. पहिल्या दिवशी इतकंच मागा.
2. कोरडं सरपण. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं, धूर त्याचाच. जळणात पाणी २० टक्क्यांखाली हवं. ढलप्या बारीक फोडून पत्र्याखाली, जमिनीपासून वर रचा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की कोरड्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात.
3. बंब ठासून न भरणं. खालची राख रोज काढली तर हवा खालून येते. थोडी थोडी ढलपी, पेटती ज्योत. धुमसतं जळण सर्वात जास्त धूर करतं.
4. वेळ ठरवणं. "रोज सहा ते साडेसहा" असं ठरलं तर तुम्ही पावणेसहाला खिडक्या लावाल. बिनखर्चाचा आणि सर्वांत लवकर पटणारा उपाय.
5. धुराडं उंच करणं. पत्र्याचं काम करणारा कारागीर करून देतो. पण आधी तोंड कुठे येईल ते पाहा. तुम्ही तळमजल्यावर असाल तर फायदा, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असाल तर तेच तोंड तुमच्या खिडकीसमोर येईल. ते तुमच्या खिडकीच्याही वर आणि दूर जात असेल तरच करा.
6. सोलर किंवा गीझर. शेवटचा आणि कायमचा. हे बोलणं पहिल्या भेटीत काढू नका.

वॉचमनच्या शेकोटीचा प्रश्न वेगळा. तो माणूस थंडीने कुडकुडतो म्हणून जाळतो. सोसायटीने जाड जॅकेट, कानटोपी, ब्लँकेट आणि केबिनमध्ये विजेचा हीटर द्यावा, मग शेकोटी बंद करायला सांगावं. नुसती मनाई केली तर तो केबिनमध्ये दार लावून कोळशाची शेगडी पेटवेल, आणि त्यात त्याचाच जीव जाईल.

> तपासा: बोलणं झाल्यावर पुन्हा दोन आठवडे वही भरा. पीक फ्लो सुधारला असेल तर शेजाऱ्याला जाऊन सांगा. पुढचा बदल त्यामुळेच मिळतो.

## ७. तक्रार: कशाची आणि कुठे

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. उघड्यावर कचरा जाळणं मना आहे. घनकचरा नियमांत ते आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये जाळणाऱ्याने भरायची भरपाई साध्या प्रकरणाला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये ठरवली. पाला, प्लास्टिक, झाडलोट जाळली जात असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाकडे किंवा स्वच्छता अ‍ॅपवर जागा, वेळ आणि फोटोसह तक्रार करा. गावात ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

घरची चूल किंवा बंब हा कचरा नाही, आणि तिथे या नियमाचं नाव घेतलंत तर तक्रार फेटाळली जाते. सोसायटीत आधी समितीला पत्र. धूर खरोखर सार्वजनिक उपद्रव ठरत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो (१ जुलै २०२४ पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं). अर्जासोबत वहीच्या प्रती आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. "फार त्रास होतो" यापेक्षा "अमुक तारखेला सहा वाजता धूर, पीक फ्लो ३८० वरून २६०" ही ओळ जास्त काम करते.

## ८. होळी आणि पुढची थंडी

होळीची तारीख आधी माहीत असते, त्यामुळे तयारीला निमित्त उरत नाही. त्या आठवड्यात रोजचा पंप एकदाही चुकवू नका. संध्याकाळपासून राखलेली खोली बंद, प्युरिफायर सुरू. होळी आळीतच असेल तर ती रात्र दूरच्या नातेवाइकांकडे काढणं उत्तम. प्रदक्षिणेसाठी मूल हट्ट करत असेल तर पेटवण्याआधी पूजेला न्या. दुसऱ्या दिवशीही ढीग धुमसत असतो, तेव्हा पाणी टाकून पूर्ण विझवायला मंडळाच्या पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

गणपती-नवरात्राच्या सुमारास पुढच्या थंडीची तयारी करा: डॉक्टरांची भेट, फ्लूची लस, पंपांची मुदत, प्युरिफायरचा फिल्टर, सैल झालेल्या फोमच्या पट्ट्या. पीक फ्लोचा सर्वोत्तम आकडाही तेव्हाच नव्याने काढा. वाढत्या वयाच्या मुलांचा तो दर वर्षी बदलतो, आणि भिंतीवरचा कागद जुन्याच आकड्यांवर राहिलेला असतो.